टाकसाळीतली चूक की सोनाराची कानस? जुना चांदीचा रुपया कसा तपासावा

लक्ष्मीपूजन झालं की पुढचे पंधरा दिवस बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी कुणी ना कुणी रुमालात बांधलेले रुपये घेऊन येतं. कुणी खानापूर तालुक्यातलं, कुणी निपाणीकडचं, कुणी आमच्या गल्लीतलंच. पूजेला बाहेर काढलेले राणीछाप रुपये परत डब्यात जायच्या आधी कुणीतरी मोबाईलवर काहीतरी पाहिलेलं असतं. कड तुटलेल्या नाण्याला लाख, अक्षर नसलेल्याला दोन लाख.

दोन वर्षांपूर्वी एका मावशींनी पाच रुपये माझ्यापुढे मांडले. पाचांचीही कड राणीच्या डोक्यावर, अगदी एकाच जागी बोथट. "टाकसाळीतनंच असे आलेत म्हणून आमचे सासरे सांगायचे," त्या म्हणाल्या. मी काही न बोलता भिंग त्यांच्या हातात दिलं. कानशीच्या रेघा त्यांच्या त्यांनाच दिसल्या. त्या रुपयांची कधीकाळी माळ होती. माळ मोडताना सोनाराने कड्या काढून त्या जागा घासून दिल्या होत्या.

मी उद्यमबागेतल्या कारखान्यांत तीस वर्षं प्रेसच्या डाय, म्हणजे पत्रा दाबायचे पोलादी साचे, बनवल्या. पत्रा दाबाखाली कसा वाहतो, कापल्यावर कुठल्या बाजूला बर (कापलेल्या काठाची उठलेली धार) येते, हे हाताला माहीत आहे. नाणीही अशीच घडतात. म्हणून विचित्र दिसणारं प्रत्येक नाणं हातात घेतल्यावर मी एकच प्रश्न विचारतो: हे प्रेसमध्ये कसं घडलं असेल? त्याचं सरळ उत्तर मिळालं तर ती टाकसाळीतली चूक. उत्तर मिळत नसेल तर खूण नंतर पडलेली आहे, मग ती कितीही जुनी असो.

आधी नाणं कसं पडतं ते

इंग्रजी अमदानीतला यंत्रावरचा रुपया असा घडायचा. चांदीत थोडं तांबं मिसळून लगड ओतायची, ती लाटून पट्टी करायची, पट्टीतून गोल चकत्या कापायच्या. चकतीची कड एका यंत्रात दाबून किंचित उचलून घ्यायची. मग ती खालच्या आणि वरच्या ठशांच्या मध्ये, पोलादी कॉलरच्या (चकतीभोवतीच्या कड्याच्या) आत बसायची. एका दाबात दोन्ही बाजू उठायच्या आणि त्याच दाबात धातू बाहेर सरकून कॉलरच्या खाचांत जायचा. कडेचे दाते पडायचे ते असे.

चूक या साखळीतल्या कुठल्यातरी कडीत होते. पट्टीत दोष, चकती कापताना दोष, ठशात दोष किंवा दाबताना दोष. यांच्या बाहेर पाचवी जागा नाही. भोक, खाच, चेपका, झाळलेला तुकडा, वितळलेली कड यांना या साखळीत कुठेच जागा मिळत नाही. कुणी काहीही सांगो, भोक असलेला रुपया टाकसाळीतून आलेला नाही. भोक पाडताना एका बाजूला धातू आत खचतो आणि दुसऱ्या बाजूला बर उठते. नखानेसुद्धा ती जाणवते.

हत्यारं आणि प्रकाश

फार काही लागत नाही. सराफाकडे असतं तसं दहापटीचं भिंग, 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर, एक चुंबक आणि मऊ सुती कापड. नाणं नेहमी कडेने धरायचं आणि खाली कापड अंथरायचं.

प्रकाशाबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली नाणं पाहू नका. खोलीत थोडा अंधार करा आणि टॉर्च जवळजवळ टेबलाला टेकवून आडव्या कोनातून प्रकाश टाका. मग नाणं सावकाश फिरवा. उठाव आणि खोल यांच्या सावल्या वेगळ्या पडतात. कानशीच्या समांतर रेघा, घासून सपाट केलेली जागा, बुजवलेलं भोक हे सगळं आडव्या प्रकाशात बोलायला लागतं. मोबाईलवर काढलेल्या फोटोत यातलं निम्मं हरवतं, म्हणून फोटो पाहून मी कधीच ठाम मत देत नाही.

वजन, व्यास, कड

रुपयाचं ठरलेलं वजन एक तोळा, म्हणजे 180 ग्रेन किंवा 11.66 ग्रॅम. चांदी 91.7 टक्के. अधेली (अर्धा रुपया) 5.83 ग्रॅम, पावली (पाव रुपया) 2.92, दोन आणे 1.46. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. गोव्याच्या बाजूने आपल्याकडे आलेला पोर्तुगीज रुपियाही, उदाहरणार्थ 1881 चा, याच वजनाचा आणि याच कसाचा आहे. खानापूरकडच्या घरांत तो कधीकधी राणीछापांमध्ये मिसळलेला सापडतो.

वापरून झिजलेला रुपया 11.3 ते 11.5 भरला तर त्यात नवल नाही. त्याहून कमी भरला तर धातू कुठून गेला ते शोधायचं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ठोकलेल्या, चेपलेल्या, वाकवलेल्या नाण्यातला धातू जागेवरून सरकतो, जात नाही, त्यामुळे वजन जवळपास तेवढंच राहतं. कानस, तेजाब (अॅसिड) आणि झीज मात्र धातू घेऊन जातात. म्हणून 'अर्धवट छापलेला' म्हणून आणलेला रुपया 10.4 भरला, सगळीकडून पातळ आणि अक्षरं मेणासारखी मऊ दिसली, तर तो तेजाबात बुडवलेला असतो. ठसा कमी दाबाने बसला म्हणून वजन घटत नाही.

वजन जास्त भरलं तर डाख, म्हणजे झाळायला वापरलेला धातू, शोधा. कडी काढल्यावर मागे राहिलेला डाख करडा-पांढरा, थोडा पसरट दिसतो आणि त्याखाली दाते बुजलेले असतात.

चांदीचा संशय असेल तर पाण्याचा प्रयोग करा. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबकळू द्या, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. 11.66 ग्रॅमच्या चांगल्या रुपयाला तो आकडा 1.13 च्या जवळ येतो आणि भागाकार 10.3 च्या आसपास. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा हिशेब बिघडवतो, तो आधी झटकून टाका.

1940 पासून रुपयातली चांदी 50 टक्क्यांवर आली, त्यामुळे त्या नाण्यांना हा आकडा लागू नाही. त्याच वेळी खोट्या नाण्यांना आळा घालायला कडेच्या दात्यांच्या मधोमध एक खोबण दिली गेली. ती खोबण पाहून 'दोन तुकडे जोडलेत' किंवा 'कड फाटलीय' म्हणणारे मला दर साली भेटतात. ती कड तशीच असायला हवी. चुंबकाला चिकटणारा 1947 चा रुपयाही खोटा नव्हे, तो निकेलचाच आहे.

उठलेलं की खोल गेलेलं

एवढं एकच शिकलात तरी निम्मं काम झालं. ठशावर जे खोल असतं ते नाण्यावर उठतं. ठशाला तडा गेला तर त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक उंच रेघ येते. ती रेघ मोकळ्या जागेतून अक्षरावर, तिथून कडेपर्यंत न तुटता जाते, नदीच्या नकाशासारखी थोडी वेडीवाकडी. ठशाचा काठाजवळचा तुकडाच उडाला तर त्या जागी नाण्यावर धातूचा गोळा उठतो आणि खालची नक्षी पूर्ण नाहीशी होते.

याउलट ओरखडा खोल असतो. सुरी, खिळा, नांगराचा फाळ, काहीही असो, तो धातू बाजूला ढकलतो. म्हणून खोल रेघेच्या दोन्ही काठांना बारीक बांध उठलेले दिसतात. नांगरटीत सापडलेल्या रुपयावर अशी एक लांब रेघ बहुतेक असतेच.

कापलेली कड

आपल्या भागात सर्वांत जास्त गफलत होते ती इथे, म्हणून जरा थांबून सांगतो.

चकती कापणारा पंच पट्टीच्या आधीच कापलेल्या भोकावर थोडा चढला तर चकतीचा एक चंद्रकोरीसारखा भाग मुळातच कमी येतो. पट्टीच्या टोकाशी कापली तर कड सरळ रेषेत तुटते. या दोन्ही खऱ्या चुका आहेत. ओळखायचं असं:

पहिलं, कापलेल्या जागेच्या बरोबर समोरची कड पाहा. खऱ्या चुकीत तिथली कड बहुतेक वेळा दबलेली, अस्पष्ट असते. चकतीची कड उचलणाऱ्या यंत्रात एका बाजूला धातूच नसल्यामुळे समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही. संग्राहक याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. तो प्रत्येक नाण्यावर ठळक असेलच असं नाही, पण असला तर साक्ष भक्कम.

दुसरं, कापाजवळची अक्षरं. खऱ्या चुकीत धातू मोकळ्या जागेकडे वाहतो, त्यामुळे अक्षरं कापाकडे ओढली गेलेली, पसरलेली, हळूहळू विरत जाणारी दिसतात. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर अगदी कापापर्यंत पूर्ण उंचीचं असतं आणि तिथे सुरीने तोडल्यासारखं थांबतं.

तिसरं, जागा. पंच कुठे चढेल याला नेम नाही. सोनार मात्र कडी नेहमी राजा-राणीचं डोकं वर राहील अशीच लावणार. दोष बरोबर डोक्यावर असेल, आणि डब्यातल्या चारपाच नाण्यांवर त्याच जागी असेल, तर माळेची आठवण घरातल्या जुन्या माणसांकडे निघेलच. कडी लावताना दिलेल्या आचेमुळे त्या भागाचा रंगही उरलेल्या नाण्याहून निराळा दिसतो.

कड ठोकून जाड केलेले रुपयेही येतात. व्यास मिलिमीटर-दीड मिलिमीटर कमी, कड उंच, दाते चिरडलेले. त्यांची अंगठी किंवा पेटी करायला सुरुवात करून कुणीतरी अर्धवट सोडलेली असते.

लाखी नाणं

आधीचं नाणं वरच्या ठशाला किंवा कॉलरमध्ये चिकटून राहिलं आणि पुढची चकती त्याच्यावर दाबली गेली, तर नव्या नाण्याच्या एका बाजूला नेहमीचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं आणि खोल येतं, आरशातल्यासारखं. याला संग्राहक लाखी म्हणतात. म्हणूनच बनवेगिरीही याचीच जास्त.

एका ओळखीच्या विक्रेत्याकडून मी एक लाखी रुपया घेतला होता. चार दिवस आनंदात होतो. पाचव्या रात्री टॉर्च आडवी धरली आणि राजाच्या उलट्या, खोल चेहऱ्याखाली मूळ काट्याच्या (मागच्या) बाजूची वेल दिसली, चेपलेली, पण जागेवर. दोन रुपये तोंडाला तोंड लावून वाइसमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या स्क्रूच्या पकडीत, आवळले होते. दिवसभर प्रेसवर काम करणाऱ्या माणसाने हे दुकानातच पाहायला हवं होतं. पैसे परत मिळाले नाहीत, तो रुपया मात्र मी शिकवायला ठेवला आहे.

खऱ्या लाखीत खोल बाजूला मूळ नक्षीचा मागमूस नसतो, कारण तिथे ठसा पोहोचलेलाच नसतो. उलटं चित्र मध्यभागी आणि सारख्या खोलीचं असतं. नीट बाजूचे उठाव गोल आणि पूर्ण असतात. वाइसमध्ये दाबलेल्या नाण्याची दुसरी बाजू टेकूवर घासून सपाट झालेली असते. उलटं चित्रही एका जागी खोल, दुसऱ्या जागी गायब असतं.

चकती आली नाही आणि दोन ठसेच एकमेकांवर आपटले तर पुढच्या नाण्यांवर समोरच्या बाजूची पुसट, उलटी बाह्यरेषा येते. पण ती उठलेली असते. खोल आणि उलटं असेल तर दाबलेलं समजून आणखी बारकाईने पाहा.

दोन्ही बाजूंना छापा असलेला दुतोंडी रुपया कुणी दाखवला तर कडेच्या आतल्या रेषेवरून भिंग फिरवा. एका नाण्याचं पोट लेथवर पोखरून त्यात दुसऱ्याची चकती बसवलेली असते आणि जोड तिथेच सापडतो. टेबलावर अलगद वाजवल्यावर नादही बसका येतो.

गायब अक्षर, दुहेरी अक्षर, निघालेला पापुद्रा

ठशाच्या खाचेत वंगण आणि धातूचा चुरा बसला की तेवढं अक्षर उठत नाही. अशा जागी नाण्याचा पृष्ठभाग आजूबाजूसारखाच असतो, तीच चमक, तोच पोत. कुणी अक्षर किंवा सालाचा आकडा खरवडला असेल तर तिथे किंचित खळगा आणि बारीक समांतर रेघा मिळतात. तारखेचे आकडे बदलण्याचे प्रकार होतात, म्हणून दुर्मीळ साल दिसलं की आधी आकड्यांच्या पायथ्याशी भिंग लावा. चिकटवलेल्या आकड्याच्या तळाला फट असते.

दुहेरी अक्षरांत दोन प्रकार आहेत. ठसा बनवतानाच चित्र दोनदा उठलं असेल तर दोन्ही प्रतिमा गोल, पूर्ण उंचीच्या आणि अक्षराच्या टोकाला खाच पडलेल्या असतात. नाणं पडल्यावर ठसा किंचित घसरला असेल तर अक्षराशेजारी एक सपाट पायरी दिसते आणि मूळ अक्षर बारीक होतं. दुसरा प्रकार अगदी सर्रास असतो, त्याला जादा किंमत देऊ नका.

पट्टीत अडकलेली मळी किंवा हवा लाटताना पसरते आणि नाण्याचा पापुद्रा सुटतो. आतला तळ एका दिशेने रेघाळलेला असतो, ती लाटण्याची दिशा. आगीत सापडलेल्या रुपयावर मात्र फोड येतात, कड लोंबते, रेघा कुठेच नसतात. जळलेल्या घरातून निघालेली अशी नाणी मी पाहिली आहेत. ती टाकसाळीतल्या चुकीची नव्हेत, पण त्या घराला ती जपावीशी वाटतात, हे मला समजतं.

ओतीव खोट्या नाण्यावर वेळ घालवत नाही. बेळगावात फाउंड्रीत काम केलेला एकतरी माणूस प्रत्येक गल्लीत सापडेल, त्याला दाखवा. पृष्ठभागावरची बारीक भोकं आणि कडेवरची पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ) तो भिंगाशिवाय सांगेल.

ज्या चुका नाहीतच

1862 साल असलेले रुपये 1874 पर्यंत पाडले जात होते. मुंबईच्या टाकसाळीने खरं वर्ष कळावं म्हणून काट्याच्या बाजूला तारखेपाशी टिंबं दिली. ती मोजून संग्राहक वर्ष लावतात. टिंबं घाण समजून खरवडलेला रुपया माझ्याकडे आला होता, आणि ते काम करणाऱ्या मुलाने ते आजीला मदत म्हणून केलं होतं. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर तळाच्या कमळाखालचं टिंब ही मुंबईची खूण. मानेच्या कापावरची बारीक अक्षरं ठसा कोरणाऱ्याची किंवा टाकसाळीच्या अधिकाऱ्याची.

1911 च्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, नाणी मागे घेतली आणि 1912 पासून हत्तीची सोंड सुधारली. तो ठशाच्या आराखड्यातला दोष होता. त्या साली पडलेल्या सगळ्याच रुपयांवर तो आहे, एखाद्या नाण्याची ती चूक नव्हे.

हाताने पाडलेले रुपये

शहापूर सांगली संस्थानात होतं आणि इथे टाकसाळ होती. शहापुरी रुपया, पलीकडच्या बागलकोटची मल्हारशाही, असे हातोड्याने पाडलेले रुपये आपल्या भागात अजून घराघरांत आहेत. त्यांना वरचे नियम लावू नका. ठसा चकतीहून मोठा असायचा, त्यामुळे मजकुराचा तुकडाच नाण्यावर येणं हेच नेहमीचं. चकती वेडीवाकडी, ठसा एकीकडे सरकलेला, दुसरा घाव थोडा हलून बसलेला, हे सगळं रोजच्या कामातलं. कॉलर नसल्याने कडेला दाते नाहीत. वजन 11 ग्रॅमच्या पुढेमागे.

या नाण्यांच्या मोकळ्या जागेत चंद्र, चांदणी, ठिपका किंवा बारीक चौकटीसारखे खोल ठसे दिसतात. ते सराफांनी चांदी पारखून मारलेले आहेत. छिन्नीचा एखादा घावही त्यासाठीच. तांत्रिक दृष्टीने ही नंतरची इजा, पण ती खरवडून काढू नका. हे नाणं कुणाच्या हातून गेलं याची ती नोंद आहे, आणि मला तर ते ठसेच जास्त आवडतात.

घासू नका

दिवाळीला चिंच, रिठा, राख किंवा रांगोळीने नाणी लख्ख करायची आपली पद्धत आहे. माझ्या आईचंही तेच. पण त्याने वरचा काळसर थर जातो, आणि त्याबरोबर आपण वर पाहिलेले सगळे पुरावे. रंगातला फरक, विरत जाणारी अक्षरं, ठशाची मूळ चमक, सगळं एकसारखं पांढरं होतं. पूजेला दोन घासलेली नाणी वेगळी काढून ठेवा, बाकीची आहेत तशी राहू द्या. माती असेल तर साध्या पाण्यात भिजवा आणि कापडाने टिपून घ्या. साठवायला नरम प्लॅस्टिकची पाकिटं टाळा, कोरडा कागदी लखोटा बरा.

विकायचं म्हटलं तर

मोडीच्या भावाने देण्याआधी दोन ठिकाणी दाखवा. खडेबाजारच्या पेढीवर चांदीचा भाव मिळेल, पण सराफ नाण्याची चूक मोजत नाही, तो त्याचा धंदाही नव्हे. फोनवर 'रजिस्ट्रेशनचे पैसे भरा, तुमच्या नाण्याला लाखो मिळतील' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेने 2021 च्या ऑगस्टमध्ये स्वतः खुलासा केला आहे की जुनी नाणी-नोटा विकत घ्यायच्या व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी शुल्क मागत नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी पाठवायला कायद्याने बंदी आहे. शेतात नाण्यांचं गाडगं सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, वाटून घ्यायचं नसतं.

विकताना नाण्याबद्दल जे खरं आहे ते चिठ्ठीवर लिहून द्या. त्या मावशींनी त्यांचे पाच रुपये विकले नाहीत. प्रत्येकाच्या लखोट्यावर मी त्यांच्यासमोर लिहिलं: राणी व्हिक्टोरिया, साल, वजन, 'माळेतला, कडी काढलेली'. शेवटच्या लखोट्यावर त्यांनी मला आणखी एक ओळ लिहायला सांगितली, सासूबाईंचं नाव.